‘रन’ या एका इंग्रजी शब्दाचे किती अर्थ? वाक्यातून नेमका अर्थ कसा पकडायचा?

अनुवादवही (धागाकर्ती)

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना बोजड पारिभाषिक शब्द फारसे अडवत नाहीत. ते एकदा कोशात सापडले की काम झाले. अडवतो तो ‘रन’सारखा तीन अक्षरी स्पेलिंगचा शब्द. तो नदीला लागतो, नाकाला लागतो, कारखान्याला, निवडणुकीला, कपड्याच्या रंगाला, बातमीला, तुरुंगवासाच्या शिक्षेला आणि पायमोज्यालाही लागतो. कोशातला पहिला अर्थ ‘धावणे’, आणि तो यातल्या एकाही ठिकाणी बसत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. वाक्य बघून अर्थ ओळखायची काही पद्धत आहे, की एकेक वापर पाठच करायचा? आणि तुमच्या कामाच्या क्षेत्रात ‘रन’ नेमका कशाला म्हणतात? सामान्य कोशात पटकन न सापडणारे, पण कामावर रुळलेले वापर आले तर फार उपयोग होईल.

कोशवाचक

आधी आवाका सांगतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद ‘सेट’ची होती, सुमारे ४३० अर्थांची. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेले, नाम वेगळेच.

एवढे अर्थ का झाले, याचे एक कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. एक अकर्मक, ‘रिन्नन’, म्हणजे धावणे, वाहणे. दुसरे त्याचे प्रयोजक, म्हणजे धावायला लावणे, घोडा दौडवणे. पुढे दोन्ही एकाच रूपात मिसळली. आपल्याकडे चालणे-चालवणे, पळणे-पळवणे हा फरक ‘व’ दाखवतो. इंग्रजीत तो फरक रूपात उरलाच नाही. ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालते आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती यंत्र चालवते. पुढे कर्म आहे की नाही, एवढ्यावरच कळते.

व्याकरणप्रेमी

कोशवाचक यांनी पद्धतीची पहिली पायरी सांगूनच टाकली: कर्म आहे का ते पाहा. कर्म असेल तर बहुतेक वेळा ‘चालवणे, सोडणे, फिरवणे, छापणे’ या बाजूला जायचे. ‘रन अ कंपनी’ कंपनी चालवणे, ‘रन अ बाथ’ आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे, ‘रन अ केबल’ केबल टाकणे, ‘रन अ स्टोरी’ बातमी छापणे.

कर्म नसेल तर कर्त्याची जात पाहायची. कर्ता द्रव असेल तर वाहणे, गळणे, ओघळणे. यंत्र असेल तर चालू असणे. रस्ता, भिंत, भेग, नस असे काही लांबट असेल तर ‘जाणे’: ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता नदीच्या कडेने जातो. इथे काहीच हलत नाही, तरी मराठीतही गतीचेच क्रियापद येते. कर्ता काळाशी बांधलेला असेल, म्हणजे करार, नाटक, अभ्यासक्रम, तर ‘चालणे’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत असणे’.

यानंतर पाहायचा तो ‘रन’च्या लगेच पुढे येणारा शब्द. तिथे विशेषण आले तर ‘रन’चा अर्थ जवळजवळ ‘होणे’ एवढाच उरतो. ‘द वेल रॅन ड्राय’ विहीर आटली. ‘फीलिंग्ज रॅन हाय’ भावना तापल्या. ‘वी आर रनिंग लेट’ आम्हाला उशीर होतोय. या वाक्यांत धावण्याचा मागमूसही ठेवू नये.

मधलाबाक

एवढा खटाटोप कशाला? ‘चालणे’ घाला, दहातली नऊ वाक्ये सुटतात. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक चालते, खटला चालतो.

लेथवाला

@मधलाबाक, कारखान्यात ‘चालणे’ घालून बघा, अर्थाचा अनर्थ होईल. ‘रनआउट’ घ्या. फिरणारा शाफ्ट (यंत्रातला गोल दांडा) त्याच्या खऱ्या अक्षाभोवती किती वेडावाकडा फिरतो, त्याचे माप म्हणजे रनआउट. शाफ्टच्या पृष्ठभागावर डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापक) टेकवायचा, शाफ्ट हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि काट्याच्या सर्वात वरच्या व सर्वात खालच्या वाचनातला फरक घ्यायचा.

इथे एक चूक हमखास होते. ०.१० मिमी फरक दिसला की केंद्र ०.१० मिमीने सरकले असे धरतात. प्रत्यक्षात ते ०.०५ मिमीच सरकलेले असते, कारण तोच फरक एका बाजूला अधिक आणि समोरच्या बाजूला उणे दिसतो. अनुवादात हे माप ‘केंद्राचे विचलन’ असे लिहिले तर वाचणारा दुप्पट दुरुस्ती करून बसेल. काटा कसा हलतो तेही पाहायचे. एका फेऱ्यात एकदाच वर-खाली गेला तर केंद्र सरकले आहे, दोनदा गेला तर शाफ्ट लंबगोल झाला आहे.

‘रनिंग फिट’ हाही शब्द नेहमी लागतो. शाफ्ट बेअरिंगमध्ये मोकळा फिरावा म्हणून मुद्दाम फट ठेवून केलेली जुळणी. मराठीत ‘सैल जुळणी’ लिहू नका. सैल म्हणजे बिघडलेली असे वाटते. ‘फिरती जुळणी’ बरे.

ठिणगी

वेल्डिंगमध्ये ‘रन’ म्हणजे जोडावर एका दमात टाकलेला धातूचा एक थर. जाड प्लेटचा जोड एका रनमध्ये भरत नाही. तळाचा तो ‘रूट रन’, मधले भरणीचे, वरचा ‘कॅपिंग रन’. इलेक्ट्रोडने काम करत असाल तर प्रत्येक रननंतर वरचा स्लॅग (धातूवर जमलेला मळीचा थर) चिपिंग हातोडीने काढून तारेच्या ब्रशने जागा साफ करायची आणि मगच पुढचा रन. ते टाळले की स्लॅग दोन थरांच्या मध्ये अडकतो आणि जोड तिथेच कमजोर राहतो. ‘क्लीन बिटवीन रन्स’ अशी सूचना असेल तर ‘दोन थरांच्या मध्ये सफाई करा’ असे लिहावे. ‘दोन वेळा चालवण्याच्या मध्ये’ लिहिले तर वेल्डरला वाटेल मशीन पुसायची आहे.

लेगस्टंप

रनआउट शब्द आला की आमचे लक्ष दुसरीकडे जाणारच. :) क्रिकेटमध्ये मराठीने ‘धाव’, ‘धावबाद’, ‘धावगती’ असे छान संसार थाटले आहेत. पण तिथेही ‘रन’ म्हणजे पळणे नव्हे. चौकाराच्या चार धावांत कोणी एक पाऊल पळाले नाही तरी त्या धावाच. उलट दोघे पळाले आणि एकाची बॅट क्रीजपलीकडे टेकली नाही, तर ती ‘शॉर्ट रन’ आणि धावफलकावर चढत नाही. नोबॉलवरही धावबाद होता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

कपाटखण

कपड्यांवरच्या सूचनांकडे वळते. ‘कलर्स मे रन’ याचे भाषांतर सर्रास ‘रंग जाऊ शकतो’ असे होते. हे अपुरे आहे. मराठीत ‘रंग जातो’ दोन्ही अर्थांनी म्हणतात: एक, कपडा फिका पडतो, दोन, रंग सुटून शेजारच्या कपड्याला लागतो. इंग्रजीत पहिल्याला ‘फेड’, दुसऱ्याला ‘रन’ किंवा ‘ब्लीड’. सूचनेचा हेतू ‘हा वेगळा धुवा’ हा असतो, म्हणून ‘रंग सुटतो’ लिहायला हवे आणि ‘फेड’साठी ‘रंग उडतो’. तपासायचे असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूला ओला पांढरा कपडा घासून पाहावा. पांढऱ्यावर रंग उतरला तर तो सुटणारा आहे.

शिवणकामात मात्र ‘धावणे’ चपखल बसते. ‘रनिंग स्टिच’ म्हणजे धावदोरा. सुई वर-खाली, वर-खाली घेत सरळ पुढे न्यायची, मागे वळायचे नाही. याच कारणाने तो लवकर होतो आणि याच कारणाने ताण आला की सरकतो. ‘रन अप अ ड्रेस’ म्हणजे कपडा झटपट शिवून काढणे.

आणि पायमोज्यातला ‘रन’ म्हणजे विणीचा एक टाका तुटल्यावर खालपर्यंत उसवत गेलेली रेघ. ब्रिटिश इंग्रजीत तिलाच ‘लॅडर’ म्हणतात.

रंगहात

@कपाटखण, भिंतीच्या आणि पत्र्याच्या रंगकामातही ‘रन’ आहे. त्याला आपल्याकडे ‘ओघळ’ हा अगदी नेमका शब्द आहे. उभ्या पृष्ठभागावर एका वेळी जाड थर दिला, थिनर जास्त झाला किंवा स्प्रे गन फार जवळ धरली की ओघळ येतात. अर्धवट सुकलेला ओघळ पुसायला गेले की आजूबाजूचा थरही ओढला जातो. पूर्ण सुकू द्यायचा, पॉलिश पेपरने सपाट करायचा, मग पातळ हात द्यायचा. ‘रन्स अँड सॅग्ज’ अशी जोडी माहितीपत्रकात येते. रन म्हणजे बारीक ओघळ, सॅग म्हणजे रुंद पट्टाच पडद्यासारखा खाली लोंबणे.

कोडबोर्ड

संगणकात ‘रन द प्रोग्रॅम’ला ‘चालवा’ ठीक आहे. ‘रनटाइम एरर’ म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना उद्भवणारी चूक, उदाहरणार्थ शून्याने भागाकार. ती लिहिताना दिसत नाही, विशिष्ट आकडा आत आला की मगच दिसते. ‘रनटाइम’ला ‘धावण्याची वेळ’ लिहिलेले बघवत नाही.

पण नाम म्हणून याच क्षेत्रात निराळा अर्थ आहे: एकसारख्या गोष्टींची सलग रांग. ‘रन-लेंग्थ एन्कोडिंग’ ही माहिती आकसून ठेवायची जुनी रीत. ‘ककककखख’ ही सहा अक्षरे ‘४क२ख’ अशी चारांत मावतात. मात्र अक्षरे सलग सारखी नसतील तर पद्धत उलटते: ‘कखगघ’चे ‘१क१ख१ग१घ’ होऊन आकार दुप्पट. साध्या रेखाचित्राला ती चालते, छायाचित्राला सहसा नाही. इथे ‘रन’ला ‘सलग’ हाच शब्द योग्य. ‘अ रन ऑफ हेड्स’ म्हणजे नाणेफेकीत ओळीने पडलेले छापे, ‘अ रन ऑफ लक’ म्हणजे ओळीने लाभलेले नशीब. सगळीकडे तोच धागा.

सूरसाधक

संगीतातही तोच. ‘रन’ म्हणजे स्वरांची जलद, ओळीने जाणारी लड. आपल्या सपाट तानेच्या सर्वात जवळची गोष्ट. पण प्रत्येक तानेला ‘रन’ म्हणता येणार नाही, कारण वक्र तानेत स्वरांचा क्रम मोडतो.

मिश्कीलमावशी

शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजीतला एक जुना विनोद: तुमचे नाक ‘रन’ करत असेल आणि पाय ‘स्मेल’ करत असतील तर तुमची बांधणी उलटी झाली आहे. :D ‘रन’चे दोन अर्थ (गळणे आणि धावणे) आणि ‘स्मेल’चे दोन (वास मारणे आणि वास घेणे) एका फटक्यात लक्षात राहतात. मराठीत आणायचा प्रयत्न करू नका, मरतो बिचारा.

खिळेजुळारी

छापखान्यात ‘रन’चे निदान तीन अर्थ रोजचे. ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या. प्लेट तयार करणे, मशीन लावणे हा खर्च पाच प्रतींना आणि पाच हजार प्रतींना जवळपास सारखाच येतो, म्हणून रन वाढला की प्रतीमागे खर्च उतरतो. ‘रनिंग हेड’ म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर येणारे पुस्तकाचे किंवा प्रकरणाचे नाव. आणि मुद्रितशोधनात ‘रन ऑन’ ही खूण. हिचा अर्थ ‘पुढे चालू’ असा लावतात, तो चुकीचा. तिचा अर्थ ‘इथे परिच्छेद तोडू नका, पुढची ओळ याच ओळीला जोडा’ असा आहे. ‘पुढे चालू’ समजून तळाशी तसे छापले तर दुहेरी घोटाळा.

कलमपोटकलम

कायद्याच्या मजकुरात हा शब्द फार जपून हाताळावा लागतो. ‘द सेंटेन्सेस शॅल रन कन्करंटली’ म्हणजे शिक्षा एकाच वेळी भोगायच्या, ‘कन्सेक्युटिव्हली’ म्हणजे एकीमागून एक. दोन आणि तीन वर्षांच्या शिक्षा असतील तर पहिल्या प्रकारात तीन वर्षे, दुसऱ्यात पाच. ‘शिक्षा चालतील’ असे लिहून भागत नाही, ‘भोगावयाच्या’ हे स्पष्ट यायला हवे.

‘टाइम बिगिन्स टू रन फ्रॉम...’ म्हणजे मुदत अमुक दिवसापासून मोजली जाते. ‘अ कव्हेनंट रनिंग विथ द लँड’ म्हणजे जमिनीला चिकटलेले बंधन. जमीन विकली तरी ते नव्या मालकावर कायम राहते. जहाजाच्या भाडेकरारात ‘रनिंग डेज’ म्हणजे सुट्ट्या न वगळता सलग मोजलेले दिवस. ‘वर्किंग डेज’पेक्षा अगदी वेगळा हिशेब, आणि विलंब शुल्क त्यावरच ठरते.

मधलाबाक

मान्य. ‘चालणे’ दहात नऊ नाही, चारपाचच. पण एक विचारतो: ‘रन शॉर्ट’, ‘रन लो’, ‘रन आउट’ या तिन्हींना ‘संपणे’ चालेल ना?

व्याकरणप्रेमी

नाही, इथे पायऱ्या आहेत. ‘रनिंग लो ऑन पेपर’: कागद थोडा उरला आहे. ‘रनिंग शॉर्ट ऑफ पेपर’: लागणार आहे त्याहून कमी पडतो आहे. ‘रन आउट ऑफ पेपर’: संपला. पुढे येणारी अव्ययेही लक्षात ठेवा, ‘लो’ला ‘ऑन’, ‘शॉर्ट’ आणि ‘आउट’ला ‘ऑफ’. कर्ता फिरवला तर अव्यय गळते: ‘द पेपर रॅन आउट’.

रूपांबद्दलही सांगते, कारण लिहिताना चुका इथेच होतात. रन, रॅन, रन. तिसरे रूप पुन्हा ‘रन’. ‘हॅज रॅन’ चूक, ‘हॅज रन’ बरोबर. आणि ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे ओळीने तीन दिवस. @कलमपोटकलम यांच्या ‘रनिंग डेज’शी अर्थ जवळचा, पण रचना वेगळी: बोलण्यात ‘रनिंग’ ‘डेज’च्या नंतर येते, करारात आधी.

कोशवाचक

दोन वाक्प्रचारांत ‘रन’ परक्या शब्दाशी जोडला गेला आहे. ‘रन अमॉक’मधला ‘अमॉक’ मलय भाषेतला, बेभान होऊन हल्ला करणे या अर्थाचा. ‘रन द गाँटलेट’मध्ये हातमोजा दिसतो, पण त्याचा संबंध नाही. मूळ स्वीडिश ‘गातलोप’, ‘गाता’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धाव. दोन रांगांमधून अपराध्याला पळवायचे आणि दोन्हीकडून फटके मारायचे, अशी ती सैनिकी शिक्षा. इंग्रजीत आल्यावर उच्चार बदलत तो हातमोज्याच्या शब्दात मिसळला. म्हणून ‘चहूबाजूंचा मारा सोसत जाणे’ असा अनुवाद करावा.

पैपैसा

अर्थव्यवहारात ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे पैसे बुडतील या भीतीने ठेवीदारांची एकदम उडालेली झुंबड. ठेवींचा मोठा भाग कर्जाऊ दिलेला असल्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी रोख देणे कोणत्याही बँकेला जमत नाही, म्हणून सुस्थितीतली बँकही यात अडकू शकते. ‘रन अप अ बिल’ म्हणजे बिल वाढवून ठेवणे, ‘रन्स इनटू लाख्स’ म्हणजे लाखांच्या घरात जाणे.

अमेरिकेत निवडणुकीला ‘रन’ करतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. एक पळतो, दुसरा उभा राहतो, आणि मराठी उमेदवार ब्रिटिशांप्रमाणे उभाच राहतो. :)

अनुवादवही

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्म, कर्ता, पुढे येणारा शब्द ही पद्धत लावून पाहिली, पुष्कळ वाक्ये सुटली. उरलेली ही पाच:

‘इट रन्स इन द फॅमिली.’
‘अ शिव्हर रॅन डाउन हर स्पाइन.’
‘ही रॅन हिज आय ओव्हर द पेज.’
‘दे हॅड द रन ऑफ द हाउस.’
‘रन दॅट बाय मी अगेन.’

मधलाबाक

पहिले सोपे आहे: ‘घराण्यातच आहे.’ गुणाला ‘रक्तातच आहे’, आजाराला ‘घराण्यात चालत आलेला आहे’. बघा, ‘चालणे’ आलेच!

व्याकरणप्रेमी

दुसऱ्यात मणक्याचे नाव काढायची गरज नाही, ‘तिच्या अंगावर सर्रकन काटा आला’. तिसरे, ‘त्याने पानावरून नजर फिरवली’. कर्म आहे म्हणून प्रयोजक, पद्धत इथे तंतोतंत लागू पडते. चौथ्यात ‘रन’ नाम आहे आणि अर्थ मुक्त वावर: ‘त्यांना घरभर कुठेही वावरायची मोकळीक होती.’ कोंबड्यांच्या खुराड्याला जोडलेल्या जाळीबंद मोकळ्या जागेला ‘चिकन रन’ म्हणतात, तोच अर्थ.

कोशवाचक

पाचव्यात सावध राहा. ‘अगेन’ असेल तर ‘पुन्हा एकदा सांग बरं’ एवढेच. ‘अगेन’ नसेल आणि पुढे दुसऱ्याच कोणाचे नाव असेल, ‘रन इट बाय द लॉयर’, तर अर्थ ‘वकिलाच्या कानावर घालून त्याचे मत घे’ असा होतो. कर्म नेहमी ‘रन’ आणि ‘बाय’च्या मध्येच येते, ‘रन बाय इट’ होत नाही. कार्यालयीन पत्रात दुसरा अर्थ अधिक येतो आणि तिथे ‘मंजुरी घ्या’ असे लिहू नये. मत विचारायचे आहे, सही मागितलेली नाही.